लाल खूण

कोरीटकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पाटलांचं घर आहे. घर चढावर, रस्ता खाली. ओट्याच्या पायरीपासून डांबरापर्यंत पस्तीस पावलांचा उतार. डाव्या हाताला ट्रॅक्टरची शेड, उजव्या हाताला मिरची वाळवायची पथारी. उताराच्या तोंडाशी फाटक नव्हतं. ट्रॅक्टर, ट्रॉली, पपईची गाडी, सगळं तिथूनच आत यायचं, म्हणून बारा फुटांची वाट सदा उघडी. पूर्वी खालून बैलगाड्या जायच्या, तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आता ऊस जातो. कारखाना सुरू झाला की दुपार कलल्यापासून दोन-दोन ट्रॉल्या मागे लावलेले ट्रॅक्टर त्या रस्त्याने धडधडत निघतात. त्यांच्या स्पीकरवरची गाणी इतकी मोठी असतात की हॉर्न वाजला तरी ड्रायव्हरलाच ऐकू येत नाही.

चारुलताने हे सगळं मोजून ठेवलं होतं. ती धुळ्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, आणि धास्ती वाटली की तिचं मन आकड्यांकडे धावायचं. तिची काजल नुकती सव्वातीन वर्षांची झाली होती. उतार दिसला की त्या पोरीच्या पायांत वारं शिरायचं. एका रविवारी चारुलताने नवऱ्याला, हेमकांतला, खाली रस्त्यावर उभं केलं, काजलला ओट्यावरून सोडलं आणि मोबाइलवर वेळ लावली. ओटा ते रस्ता, अकरा सेकंद. मग स्वतः स्वयंपाकघरातून पळत गेली. उंबरा, ओटा, पायरी, उतार. चौदा.

"काय, ऑलिम्पिकला जाशील का आता?" हेमकांत हसत म्हणाला.

"तीन सेकंद कमी पडतात," ती म्हणाली. तिला हसू आलं नाही.

सासूबाई, नर्मदाबाई, पथारीवर मिरच्या उलटत होत्या. "आमनां पोरं बी आठेच, याच उतारवर वाढनात ना व माय. तवय कोनं घड्याळ व्हतं?"

फाटकाचं काम हेमकांत पपईचा हंगाम झाल्यावर बघणार होता. त्याआधी तो कापूस झाल्यावर बघणार होता. शेडच्या सावलीत खाटेवर बसलेले सासरे, भिलाआबा, हे सगळं ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "किती कमी पडतंस म्हने, चारू?"

"तीन सेकंद, आबा."

"तीन मी देस तुले," आबा म्हणाले.

आबांनी चोवीस वर्षं हवाई दलात काढली होती. गावातल्या लोकांना वाटे ते विमान चालवायचे. ते कधीच विमानात बसले नव्हते. त्यांचं काम विमान थांबवायचं. पंजाबातल्या एका तळावर, धावपट्टीच्या अगदी शेवटी, जिथे तारेच्या कुंपणापलीकडे गव्हाची शेतं सुरू होतात, तिथे त्यांची टोळी बसे. लढाऊ विमान उतरतं तेव्हा त्याच्या शेपटीतून एक छत्री उघडते आणि त्याला मागे ओढते. कधी छत्री उघडत नाही, कधी ब्रेक धरत नाहीत. मग टॉवरवरून आवाज येतो, आणि आबांच्या टोळीने पट्टीच्या आडवी जाळी उभी करायची. तिला ते बॅरियर म्हणत.

पुढच्या आठवड्यात ते नंदुरबारच्या एका भंगारवाल्याकडून पोतं भरून काहीतरी घेऊन आले. कधीकाळी लिलावात निघालेल्या बॅरियरचा तुकडा होता तो. पिवळट पांढऱ्या नायलॉनचे तीन बोटं रुंद पट्टे, काळ्या दोऱ्याने शिवलेले. त्यांना अजून जळक्या रबराचा वास होता. आबांनी पोतं उघडलं, एक पट्टा नाकाशी धरला आणि डोळे मिटून घेतले. चारुलताने तेव्हा नजर दुसरीकडे वळवली.

चार दिवस खपून त्यांनी ते उभं केलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना बोअरवेलच्या पाइपाचे दोन खांब. प्रत्येक खांबाच्या बुडाशी जुन्या ट्रॅक्टरचा ब्रेकचा ड्रम, त्यावर गुंडाळलेला पट्टा, आणि ड्रम फिरवायला लोखंडी दांडी. पट्ट्यांची टोकं जाळीला अडकवलेली. ट्रॅक्टर यायचा असला की एक आकडा काढायचा, जाळी खाली पडायची. दोन्ही पट्ट्यांवर त्यांनी लाल ऑइलपेंटची एकेक खूण केली. खूण खांबाला टेकलेली असली, म्हणजे जाळी तयार.

"यापेक्षा फाटक सोपं नाही का, आबा?" चारुलताने विचारलं.

"फाटक लाव. पोर पयत येई, डोकं आपटीन. थांबाडनं सोपं शे, बेटा. सावकाश थांबाडनं, त्याले इद्या लागस."

मग त्यांनी काजलला ओट्यावरून सोडलं. पोर हसत, हात पसरून उतार उतरली आणि सरळ जाळीत शिरली. जाळीने तिला अडवलं नाही. जाळी तिच्यासोबत पळाली. दोन्ही ड्रम घुंऽऽ करत फिरले, पट्टा सुटत गेला, पळणं चालणं झालं, चालणं उभं राहणं झालं. क्षणभर ती तशीच पुढे झुकून राहिली. मग ताणलेल्या पट्ट्याने तिला हळूच मागे घेतलं. एक पाऊल. दोन पावलं.

"मम्मी, कोणी धरलं?" काजल वळून बघत म्हणाली.

"मोठे पायलट बी हेच विचारेत," आबा म्हणाले.

ते तिच्याकडे पळत गेले नाहीत. सावकाश चालत गेले. आधी दोन्ही ड्रमच्या खिट्ट्या काढून त्यांनी पट्टा ढिला केला. मग काजलच्या डोक्यावर हात ठेवला आणि परेडवर म्हणावं तसं मोठ्याने म्हणाले, "मोकळं."

त्यानंतरच दांडी फिरवून पट्टा गुंडाळला. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण त्यांची टोळी प्रत्येक विमानाला असंच करायची. आधी ढील, मग नाकावर हात, मग मोकळं, मग गुंडाळणी.

"आणि ढील न देता गुंडाळलं तर?" हेमकांतने विचारलं.

आबांनी त्याच्याकडे बघितलं. थट्टा करायची असली की त्यांची एक भुवई वर जायची. तेव्हा गेली नाही.

"तर जाळीले वाटस, अजून धरेलच शे," ते म्हणाले.

मग रोजच तो खेळ झाला. संध्याकाळी पाच वाजता आबा जाळी उभी करत. सव्वापाचला, कारखान्याचे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या वेळेला, काजल एकदा धावत येई. घुंऽऽ, दोन पावलं मागे, डोक्यावर हात, मोकळं. चारुलता खिडकीतून बघे, आणि कितीतरी महिन्यांनी तिचा चहा गरम असतानाच पिऊन व्हायचा. पुनवेच्या दिवशी आबा काजलला मधल्या दाराच्या चौकटीला उभी करून तिची उंचीही मांडत. त्याच डब्यातला लाल रंग, आगकाडीला कापूस गुंडाळून केलेला ब्रश. चौकटीवर एकावर एक लाल रेघा चढत होत्या, प्रत्येकीशेजारी महिन्याचं नाव.

मार्गशीर्षात एका सकाळी आबा बशीत चहा ओतता ओतता गेले. बशी सांडली नाही. नर्मदाबाईंना ते डुलकी घेताहेत असंच वाटलं होतं.

घरात पै-पाहुण्यांची ये-जा होती तोवर जाळी खालीच पडून होती. चौदाव्यानंतर चारुलताने ती उभी केली. कारखाना जोरात होता आणि आबांनी दिलेले तीन सेकंद तिला सोडायचे नव्हते. काजलचा खेळ मात्र तिने बंद केला. संध्याकाळी पाच ते सहा पोर कडेवर, नाहीतर आतल्या खोलीत कडी लावून.

पौष लागला त्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की लाल खूण खांबापासून चार बोटं पुढे आली आहे. म्हणजे पट्टा सुटला होता. कुत्रं शिरलं असेल, असं म्हणून तिने तो गुंडाळला. दुसऱ्या दिवशी एक वीत. तिसऱ्या दिवशी दीड.

"नायलॉन आहे," हेमकांत म्हणाला. "थंडीत आखडतं, उन्हात सैल पडतं. तू तर बीएस्सी."

"उष्णतेने वीतभर? आणि तेही दोन्ही बाजूंना सारखंच?"

त्याने पपईचे भाव काढले.

तिने खडूने ड्रमवर रेघ मारली आणि चौथ्या दिवशी काजलला कडेवर घेऊन खिडकीत उभी राहिली. वारा नव्हता. पथारीवरच्या मिरचीचं टरफलसुद्धा हलत नव्हतं. समोरच्या शेतात कापसाची उपटायची राहिलेली झाडं काठ्यांसारखी उभी होती. पाच वाजून चौदा मिनिटं. पंधरा.

घुंऽऽ.

दोन्ही ड्रम फिरले. जाळी मधोमध एका जागी रस्त्याच्या बाजूने फुगली. सगळी नाही, टोपलीएवढीच. ती फुगलेली जागा पुढे पुढे गेली, थांबली, क्षणभर तशीच राहिली. मग हळूच मागे आली. दोन पावलांएवढी. मग जाळी सैल पडली.

अंगणात कोणी नव्हतं.

कडेवरची काजल टाळ्या वाजवत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. एखादी रोजची गोष्ट आज राहून गेली म्हणून लहान मूल जसं तक्रार करतं, तशी ती म्हणाली, "आबा हात लावत नाहीत."

दुसऱ्या दिवशी चारुलता टेप घेऊन जाळीजवळ गेली. फुगणारी जागा तिने खडूने आखली होती. जमिनीपासून अठ्ठावीस इंच. आत येऊन तिने काजलला चौकटीशी उभी केली आणि जमिनीपासून तिच्या छातीपर्यंत माप घेतलं. ते किती भरणार हे तिला टेप लावायच्या आधीच कळलं होतं.

तिने नर्मदाबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"चोवीस वरीस त्यास्नी तेच करं. सवय जास नही, माय. ऱ्हाऊ दे."

"पण आई, ते कुणाला थांबवतायत?"

नर्मदाबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि त्यांत भीती नव्हती. "माले काय ठाव. पण त्यास्नी कोनं वाईट कधय करं नही."

हे खरंच होतं, आणि चारुलतालाही ते मनापासून वाटत होतं. तिला आबांची भीती वाटत नव्हती. तिला त्या अठ्ठावीस इंचांची भीती वाटत होती. जाळी रोज सव्वापाचला काहीतरी पकडत होती, जे अजून धावलंच नव्हतं. आणि रोज पट्टा जरा जास्त सुटत होता. ती रोज तो गुंडाळायची. ढील द्यायचं, हात लावायचं तिच्या मनातही आलं नाही. हात लावणार कशाला? तिथे कोणी नव्हतंच.

माघात मिरची खुडायला येणाऱ्या बायांनी त्या वाटेने यायचं सोडलं. बांधावरून वळसा घालून येऊ लागल्या. एकीने हेमकांतला तोंडावर विचारलं, "दादा, तुमनी जाळीमा काय मासा पकडतंस का?" बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या, पण वाटेकडे बघून नाही.

हेमकांतला ते लागलं. माघ पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने जाळी खांबांवरून सोडवली, गुंडाळी करून ओट्यावर टाकली आणि तिच्यावर बारदान घातलं. ड्रम काढायला पाना सापडला नाही, म्हणून ते खांबांशी तसेच राहिले, पट्टा पूर्ण गुंडाळलेला, टोकं मोकळी लोंबत. "उद्या फाटक आणतो," तो म्हणाला. "लोखंडी. बस झालं." मग तो आईला घेऊन शेतात गेला.

चारुलताने पाच वाजता काजलला आतल्या खोलीत नेलं, चित्रांचं पुस्तक दिलं आणि कडी लावली. मागच्या दाराशी पाण्याच्या टाकीचा नळ वाहत राहिला होता. ती नळ बंद करायला गेली. परत आली तर कडी निघालेली होती.

ती उघडली कशी, हे तिला आजही सांगता येत नाही. कडी पाच फुटांवर होती.

पैंजणांचा आवाज ओट्यावरून उतारावर गेला. चारुलता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होती. चौदा सेकंद. पोर पाच सेकंदांपूर्वीच निघाली होती. खालून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या, गाणं, ऊस दोन्ही बाजूंना रस्त्यावर झुकलेला.

काजल हात पसरून धावत होती. जाळी असायची त्या जागेकडे.

"थांऽऽब," चारुलता ओरडली. आयुष्यात तिने इतक्या जिवाच्या आकांताने कधी काही मागितलं नव्हतं.

दोन खांबांमध्ये नुसती हवा होती.

काजल त्या हवेत शिरली.

घुंऽऽ.

खांबांच्या बुडाशी दोन्ही ड्रम फिरू लागले. पट्ट्यांची मोकळी टोकं रस्त्याच्या दिशेने निघाली, काजलच्या डाव्या-उजव्या बाजूने, जमिनीपासून अठ्ठावीस इंचांवर, ताठ. तिचा फ्रॉक छातीवर चपटा झाला. केस पुढे उडाले. पळणं चालणं झालं.

चालणं उभं राहणं झालं.

ती पुढे झुकून उभी होती, कुणाच्या तरी हातावर रेलल्यासारखी. तिच्या नाकासमोरून ट्रॉलीचं चाक गेलं. लोंबणाऱ्या उसाच्या पात्याने तिचा गाल पुसला.

मग ती मागे आली. एक पाऊल. दोन पावलं.

चारुलताने तिला उचललं तेव्हा दोन्ही पट्टे धुळीत पडलेले होते, आणि ड्रमवर एक वेढाही उरला नव्हता. काजलच्या फ्रॉकवर, छातीपासून पोटापर्यंत, तीन बोटं रुंद पट्ट्यांच्या आडव्या-उभ्या चुण्या उमटल्या होत्या.

ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उडी मारून पळत आला. दलसिंग त्याचं नाव, सातपुड्यातला, धडगावकडचा; दरवर्षी त्याच रस्त्याने ऊस न्यायचा. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बाई, मी ब्रेक नाय मारला. टाइमच नाय भेटला," तो म्हणाला. मग त्याने आपला तळहात उभा धरून पुढे तिरका केला. "पोरगी अशी होती. हवेला टेकलेली."

"पाणी घ्या, दादा," चारुलता म्हणाली.

त्याने दोन खांबांकडे पाहिलं, त्यांच्या मधून आत यायला नको म्हणून मान हलवली आणि निघून गेला. जाताना गाणं बंद होतं.

चारुलताने काजलला ओट्यावरच्या खाटेवर बसवलं. पोर शांत होती. खालच्या वळणावर हेमकांतच्या ट्रॅक्टरचा आवाज आला. कडी कशी निघाली, पोर रस्त्यावर कशी गेली, तू कुठे होतीस. ते सगळे प्रश्न आवाजाबरोबर जवळ येत होते. तिला वाटलं, निदान पट्टे तरी आवरावेत. नर्मदाबाईंना ते रस्त्यात पडलेले दिसू नयेत. ती खांबाशी बसली आणि दांडी फिरवू लागली.

दांडी जड लागत होती. मोकळ्या पट्ट्याला इतका जोर लागायचं कारण नव्हतं. पण तिला वाटलं, आपलाच जोर कमी पडतोय. ती दोन्ही हातांनी फिरवत राहिली. एक वेढा. मागे ओट्यावर पैंजण वाजलं. दुसरा वेढा. पैंजण. पोर उठून आपल्याकडे येतेय, असं तिला वाटलं. दर वेढ्याला एकदा, छुन्न, सावकाश, जवळ जवळ. एक ड्रम झाला, ती दुसऱ्याकडे गेली. लाल खूण खांबाला टेकली तेव्हा आवाज थांबला.

तिने वळून पाहिलं. काजल तिच्या मागे हातभर अंतरावर उभी होती. तिची पाठ चारुलताकडे होती.

त्या वेळी ते तिच्या ध्यानात राहिलं नाही. हेमकांत आत वळत होता. तिने काजलला छातीशी धरलं, आणि मग ती इतकी रडली की त्याने काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटक आलं. जाळी आणि पट्टे एका पपईच्या व्यापाऱ्याने गाडीवर माल बांधायला नेले. ती गाडी दिल्लीला गेली. ड्रम भंगारात गेले. संध्याकाळी नर्मदाबाईंनी दोन खांबांच्या मधे पाण्याचा तांब्या ठेवला आणि हात जोडले. चारुलतानेही जोडले. आबांनी तीन सेकंद कबूल केले होते. त्याहून जास्तच दिले होते.

त्यानंतर सव्वापाचला काही झालं नाही. चारुलता खिडकीत उभी राहायची, फाटक बघायची, चहा प्यायची. सुख असंच असतं, असं तिला वाटू लागलं होतं.

आबांमागे पुनवेची रेघ चारुलताच मारत आली होती; होळीच्या पुनवेलाही तिने आबांच्या डब्यातला रंग घेऊन काजलची उंची मांडली. आगकाडीचा ब्रश माघाच्या रेघेवरच फिरला. एका महिन्यात काय वाढणार, असं म्हणून तिने शेजारी नुसतं नाव लिहिलं. चैत्रातही तीच रेघ. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी आली. कडुनिंबाला झोके बांधले, आमरस झाला. नणंदेने काजलसाठी एक माप मोठा फ्रॉक आणला होता. "वाढत्या अंगाचा घेतला वहिनी, श्रावणापर्यंत बसेल बरोबर." तो खांद्यावरून गळत होता. मागच्या दिवाळीच्या चपला मात्र अजून नीट बसत होत्या.

त्याच दुपारी चारुलता नेलकटर घेऊन काजलची नखं कापायला बसली आणि थबकली. कापायला काही नव्हतंच. मागच्या रविवारीही नव्हतं. तिने आठवून पाहिलं. होळीनंतर तिने त्या पोरीची नखं एकदाही कापली नव्हती.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी कार्ड बघितलं. वजन बारा किलो आठशे, जानेवारीत होतं तेवढंच. पोर खातपीत होती, खेळत होती, बोलत होती. "मुलं थांबून थांबून वाढतात, ताई. तुम्ही फार टेन्शन घेता," ते म्हणाले.

थांबून, हा शब्द एसटीत बसल्यावरही तिच्या डोक्यातून जाईना. काजल तिच्या मांडीवर खिडकीकडे तोंड करून बसली होती, पाठ तिच्याकडे. तेव्हा चारुलताला ते वेढे आठवले. दर वेढ्याला एक पैंजण. तोंड घराकडे ठेवून, एकेक पाऊल मागे येणारी पोर. तिने ढील दिली नव्हती. डोक्यावर हात ठेवला नव्हता. आणि तो एक शब्द म्हणायचा राहून गेला होता.

घरी येताच तिने काजलला दोन खांबांच्या मधे उभी केली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मोकळं."

"मम्मी, असं नाही," काजल म्हणाली. तिला हसू येत होतं. "आधी ढील."

दिल्लीच्या गाडीचा नंबर व्यापाऱ्याकडे होता. ड्रायव्हर म्हणाला, पट्टे मंडईतच कुणीतरी उचलून नेले. भंगारवाल्याकडे ड्रमचा पत्ता नव्हता. नर्मदाबाईंना तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुनेचा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "त्यास्नी धरेल शे व माय. पडू देवाव नहीत."

वटपौर्णिमेला चारुलता गावातल्या बायांबरोबर वडाला सूत गुंडाळून आली. त्याच आठवड्यात काजलला चार वर्षं पूर्ण झाली होती. तिने डबा उघडला. रंगावर साय आली होती, ती आगकाडीने बाजूला केली. काजल न सांगताच चौकटीला पाठ लावून, टाचा जुळवून उभी राहिली.

चारुलताने तिच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरलं आणि रेघ मारली. पोर खेळायला पळाली.

नवी रेघ माघाच्या रेघेखाली होती. दोन बोटं खाली.